समुद्रातली खुर्ची

आमच्या घरात देवाच्या फळीखाली एकच फोटो आहे, आणि त्यातली बाई आमच्या नात्यातली नाही. फोटोत समुद्र आहे. समुद्रात लाल प्लॅस्टिकची खुर्ची, आणि खुर्चीवर पन्नाशी ओलांडलेली एक बाई. हिरवी साडी गुडघ्यापर्यंत ओढलेली, पोटऱ्या पाण्यात, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. हसत नाही. कुणीतरी आत्ताच तिला "उठा" म्हटलं आहे आणि ती उठणार नाही, एवढं तिच्या तोंडावर सरळ दिसतं.

घरी येणारा प्रत्येक जण हा फोटो बघून हसतो. सासूबाई गावाकडून आल्या तेव्हा पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "देवाखाली असा फोटू लावतेत काय वं? कोण व्हय हे बाई?"

"कुंदाताई."

"तुह्या माहेरची?"

"नाही."

"मंग?"

मग काय, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. नवरा म्हणतो, लावायचाच तर तिचा हसरा एखादा लाव. तिचा हसरा फोटो माझ्याकडे आहे. पण लावला आहे तो हाच, आणि हाच राहणार. मी घाबरट बाई आहे. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या डोंगरावरून परत वर चढते. फोन वाजला तर आधी छातीत धस्स होतं, मग नाव बघते. पण या फोटोच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. हसणाऱ्यांनी हसावं.

मी वाशिमकडची. नववीत आईचं दुखणं निघालं आणि शाळा सुटली ती सुटली. लग्न होऊन भांडुपला डोंगरावरच्या खोलीत आले आणि काही वर्षांनी मुलुंडच्या बाजारात साड्यांच्या दुकानात काम आहे असं कळलं, म्हणून विचारायला गेले. शिक्षण विचारतील या भीतीने काय बोलायचं ते घरी पाठ करून गेले होते. शेठने शिक्षणाचं नावच काढलं नाही. एवढंच विचारलं, "दिवसभर उभं राहता येईल ना?"

मला हसूच आलं. उभं राहणं, त्यात काय एवढं!

आमचं दुकान दोन मजली. वर गादी. पांढरीशुभ्र चादर, लोड, समोर आरसे. तिथे शालू, पैठण्या, लग्नाचे बस्ते. दुकानातले पुरुष गादीवर मांडी घालून बसत आणि गिऱ्हाइकासमोर साड्या उलगडून टाकत. खाली काउंटर. तिथे सुती साड्या, परकर, फॉल, तयार ब्लाउज, आणि काउंटरमागे आम्ही पाच जणी, उभ्या. गादीवर बायकांनी बसायचं नाही, कारण गादी म्हणजे लक्ष्मी. खाली बसायचं नाही, कारण बसलेली बाई गिऱ्हाइकाला आळशी वाटते. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते. लिहायचं काम काय? काउंटरमागे बसायला काही नव्हतंच.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या टाचा पेटल्या. शेजारी उभी असलेली बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "चप्पल काढ. एका पायावर भार दे, दुसऱ्याला सुट्टी. गिऱ्हाईक बदललं की पाय बदल."

"तुम्ही किती वर्षं..."

"तुम्ही-बिम्ही नको गो. मी काय शेठ आहे?"

ती कुंदाताई. मालवणकडची, भांडुपलाच राहणारी. आवाज असा की समोरच्या भांड्याच्या दुकानातला माणूस दचकायचा. बोलणं मुंबईचं, पण राग आला किंवा माया आली की मालवणी. राग आहे की माया, हे आम्ही आधी तिच्या भुवयांकडे बघून ठरवायचो. ती गिऱ्हाइकाला कधी "छान दिसतंय" म्हणाली नाही. "हा रंग तुम्हाला खाऊन टाकील," असं तोंडावर सांगायची. बायका रागवायच्या, दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. काही तर दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या विचारत, "त्या तोंडाळ बाई आहेत का आज?"

तिची एक खोड होती. दुकानात कुणी म्हातारी किंवा पोटुशी बाई आली की सगळं सोडून ती गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल स्वतः उचलून आणायची, पुसायची आणि म्हणायची, "बसा हो. पाय काय फुकटचे आलेत?" मग समोर उभी राहून साड्या दाखवायची. तिच्या स्वतःच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या असायच्या. त्यांवर ती मोजे चढवायची, आणि मोज्यांबद्दल कुणी विचारलं तर "फॅशन" म्हणायची.

आम्ही बाकीच्या चौघी मात्र बसायचो. चोरून. ब्लाउज घालून बघायला पडदा लावलेली एक एवढीशी खोली होती, आत एक मोडकं स्टूल. दुपारी गर्दी ओसरली की एकीने आत जायचं, पडदा ओढायचा, बसायचं. शेठने विचारलं तर बाहेरच्या बाईने सांगायचं, "ट्रायल चालू आहे." आमची रेश्मा तर आत चक्क डुलकी काढायची. कुंदाताई आम्हाला सांभाळून घ्यायची, शेठला थाप मारायची, पण स्वतः कधी पडद्याआड गेली नाही. मी एकदा म्हटलं, "जा ना गं, मी बघते इकडे."

"चोरून बसलेलं पायांना कळत नाही," ती म्हणाली. "बसेन तेव्हा सगळ्यांसमोर बसेन."

हे तिचं कुठून आलं होतं, ते एकदा डबा खाताना कळलं. डबासुद्धा आम्ही मागच्या जिन्याजवळ उभ्यानेच खायचो. तिचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. "माझा बापूस उभ्या उभ्याच म्हातारा झाला," ती म्हणाली. "घरी आला की भिंतीला पाय लावून पडायचा, बोलायचा नाही. संप झाला तेव्हा सगळे गेटवर बसले. मी जेवण घेऊन गेले तर हा गेटच्या मधोमध बसलेला! मांडी घालून. माका बघून हसलो. मी त्याला त्याआधी हसताना बघितलंच नव्हतं." पुढे गिरणी गेली, काम गेलं, सगळ्यांची वाट लागली. ते तिने भराभर सांगून टाकलं. बापाच्या बसण्याबद्दल मात्र सावकाश बोलली.

मग तिच्या डाव्या पायाची शीर फुटली. मोजा रक्ताने भिजला तेव्हा तिच्या लक्षात आलं. डॉक्टरने सांगितलं, उभं राहणं बंद करा, नाहीतर पाय हातचा जाईल. तिने ते शेठला तसंच्या तसं सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हता. तो गल्ल्यावरून हात जोडून म्हणाला, "कुंदाबेन, आता घरी बसा. आराम करा. खूप केलं तुम्ही."

"घराक बसाचा नाय माका," ती म्हणाली. "हयसर बसाचा आसा. काउंटरमागे. एक खुर्ची द्या, काम पहिल्यासारखंच करते."

"एकाला दिली तर सगळ्या मागतील."

"मागतील. मग?"

शेठने फोन उचलला आणि कानाला लावला. तो वाजला नव्हता, हे आम्ही पाचही जणींनी बघितलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तिचा नवरा वारलेला, मुलाची नोकरी आज आहे तर उद्या नाही. ती घरी बसली तर खाणार काय, आणि उभी राहिली तर तो पाय! आणि खरं सांगते, तिच्याशिवाय मी त्या काउंटरमागे कशी टिकणार, ही पण भीती होती. तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "तू माझी काळजी कर, मी समुद्रावर जायचं बघते. सोमवारी दुकान बंद आहे. चला सगळ्या गोराईला."

"डॉक्टरने चालू नको सांगितलंय ना?"

"उभी राहू नको सांगितलंय. होडीत काय उभं राहतात?"

माझ्या गावाला नदीसुद्धा उन्हाळ्यात नसते. खाडी ओलांडेपर्यंत मी डोळे मिटून कुंदाताईचा पदर धरून ठेवला. पुढे टमटममधून समुद्रावर. वाळूवर ताडपत्रीच्या सावलीत सरबतवाल्याने गिऱ्हाइकांसाठी लाल खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही कोकम सरबत घेतलं. रेश्मा आणि बाकीच्या दोघी पाण्यात धावल्या. कुंदाताईने ग्लास संपवला, उठली, बसली होती ती खुर्ची उचलली आणि निघाली.

"ओ मावशी! खुर्ची कुठे?" सरबतवाला ओरडला.

"पाण्यात."

"अहो वाहून जाईल!"

"गेली तर तिच्यावर मी पण असेन. दोघींना शोध."

गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी येईल अशा जागी तिने खुर्ची रोवली, हलवून बघितली आणि बसली. लाट आली, पोटऱ्यांवरून गेली. तिने मोजे काढून कमरेला खोचले होते. त्या निळ्या शिरा, ती पट्टी, सगळं उघडं. किनाऱ्यावरची माणसं बघायला लागली. कॉलेजची पोरं होती, त्यातला एक ओरडला, "आँटी, एकदम झकास!" दुसरी एक बाई नवऱ्याला म्हणाली, "काय बाई तरी, वय काय!" मी वाळूवर उभी राहून नुसती घाबरत होते. लाट मोठी आली तर? पट्टी भिजली तर? पोरांनी तिचा फोटो काढला तर?

सरबतवाला धावत पाण्यात आला. "मावशी, उठा ना आता, माझा धंदा आहे हो!"

तेव्हा कुंदाताईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काढ गो फोटो. नुसती काय भियतंस?"

मी काढला. तोच हा फोटो. पहिल्यांदाच मी तिला अशी सगळ्यांसमोर ठाण मांडून बसलेली बघत होते. इतकी वर्षं शेजारी उभी राहिले, पण बसल्यावर ही बाई इतकी उंच वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

नंतर तिने ती खुर्ची विकत घेतली. सरबतवाला नको नको म्हणत होता. ही म्हणाली, "बसल्यावर कळली मला ही. दुसरी नको." वाळूतून, टमटममधून, होडीतून आम्ही आळीपाळीने खुर्ची उचलली. बोरिवलीला बसमध्ये चढलो तर जागा नाही. कुंदाताईने खुर्ची मागच्या दाराजवळ ठेवली आणि बसली. कंडक्टर आला, बघत राहिला.

"मावशी, हे काय?"

"जागा नव्हती, म्हणून घेऊन आले."

"अहो, असं चालत नाही."

"बस चालते ना? मग झालं. माझं एक आणि खुर्चीचं एक, दोन तिकिटं फाड."

मुलुंडपर्यंत ती तशीच आली. अख्खी बस हसत होती. एका म्हाताऱ्याने तर उतरताना तिला नमस्कार केला.

मंगळवारी दुकान उघडलं तेव्हा काउंटरमागे लाल खुर्ची होती आणि खुर्चीवर कुंदाताई. समोर साड्यांची चळत, हातात फुटपट्टी. शेठ दारातच थांबला.

"कुंदाबेन, हे काय चालवलंय?"

"काम."

"कस्टमर काय म्हणेल?"

"विचारू त्याला. येईलच आता."

शेठचा चेहरा लाल झाला. "उचला ती खुर्ची," तो माझ्याकडे बघून म्हणाला. माझ्याकडेच का, देव जाणे. मी कुंदाताईकडे बघितलं, शेठकडे बघितलं, आणि काहीच केलं नाही. त्या दिवशी मला जेवढं जमलं तेवढं हे.

शेठ स्वतःच काउंटरमागे यायला निघाला आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली. लग्नाचा बस्ता! आजी, मुलगा, सून, नवरी, आत्या, मावश्या. शेठ थांबला, हात जोडून "या, या, वर चला" म्हणाला. आजींनी जिन्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग त्यांची नजर खाली फिरली. चार बायका उभ्या, एक माणूस उभा, आणि मधोमध एकच बाई खुर्चीवर. दुकानात बसतो तो मालक, हे आजींना साठ-सत्तर वर्षांत कळलेलं होतं. त्या सरळ कुंदाताईसमोर आल्या.

"मालकीणबाई, नातीचं लग्न आहे. मला काही वर चढवत नाही. सगळं इथेच दाखवा."

कुंदाताईने मालकीण आहे म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. "आजींना स्टूल दे गो," मला म्हणाली. "बसा आजी. दोघी बसूनच बघू."

गादीवरचा सगळा माल त्या दिवशी खाली आला. वरचे पुरुष जिन्यावरून गठ्ठे घेऊन चढत-उतरत होते, आणि शेठ काउंटरच्या बाजूला तसाच उभा. काय करणार? बोलला तर बस्ता जातो. एवढ्यात आजी त्याच्याकडे वळल्या. "अहो दादा, तुम्ही नुसते काय उभे? ती सगळ्यात वरच्या फळीवरची, वांगी रंगाची काढा बघू."

शेठने कुंदाताईकडे बघितलं.

"काढा," ती शांतपणे म्हणाली. "आजी थांबल्यात."

शेठ शिडीवर चढला. रेश्मा पडद्याआड पळाली, आणि आतून तिचं हुंदके दिल्यासारखं हसणं ऐकू येत होतं. "ट्रायल चालू आहे," मी आपणहून म्हटलं.

कुंदाताईने नवरीला दोन रंग तोंडावर नाकारले, आजींच्या पसंतीची एक साडी "ही नको, धुतल्यावर रडवील" म्हणून बाजूला टाकली, आणि दुपार कलेपर्यंत बस्ता बांधला. निघताना आजी तिचा हात धरून म्हणाल्या, "माणसं चांगली ठेवलीत हो. ते दादा तर किती गरीब. एक शब्द बोलले नाहीत."

"हां," कुंदाताई म्हणाली. "शिकतायत हळूहळू."

आजींचा मुलगा पैसे द्यायला वळला आणि तेच गरीब दादा गल्ल्यावर जाऊन बसले, तेव्हा त्याचा झालेला चेहरा मी अजून विसरले नाही.

संध्याकाळी शेठ आला. बराच वेळ परकरांची घडी नीट करत राहिला. मग म्हणाला, "राहू दे खुर्ची. पण फक्त तुमच्यासाठी हां. बाकीच्यांनी मागायची नाही."

"कोण मागणार नाही," कुंदाताई म्हणाली.

आम्ही खरंच मागितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच उठली आणि मला म्हणाली, "बस."

"नको गं. शेठ बघतोय."

"म्हणूनच बस."

मी टेकले, अगदी कडेवर. शेठ गल्ल्यावरून ताडकन म्हणाला, "कुंदाबेन, आपलं काय ठरलं होतं?"

"खुर्ची दुकानाची आहे का शेठ? माझी आहे. मी गोराईहून आणली. माझ्या खुर्चीवर कोणाला बसवायचं ते मी बघेन." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे ढकललं. "नीट बस गो, पाठ टेकून. भियाचा नाय."

पाठ टेकली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं, ते सांगता येत नाही. पाय दुखत असतात तेव्हा कळत नाहीत, थांबले की कळतात. आणि शेठ? तो बघत राहिला, आणि मग त्याने नजर दुसरीकडे वळवली. त्यानंतर आम्ही पाची जणी पाळीपाळीने बसायला लागलो, पडदा न ओढता. गिऱ्हाईक कुठे गेलं नाही. उलट म्हाताऱ्या बायका जास्त यायला लागल्या. पुढच्या दिवाळीला शेठने स्वतःहून दोन स्टुलं आणली आणि जणू ती पहिल्यापासूनच होती अशा थाटात मागे ठेवून दिली.

कुंदाताईच्या पायाचं पुढे ऑपरेशन झालं, मग मुलगा म्हणाला आता गावी राहा. शेवटच्या दिवशी मी खुर्ची पुसून दोरीने बांधायला घेतली तर तिने हात धरला. "रवांदे हयसर. माझीच आसा ती. कुणी उचलली तर सांग, मालकीण विचारतेय म्हणून."

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. डॉक्टरला दाखवायला मुंबईला आली होती. त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, ती गेली म्हणून तिच्या सुनेचा फोन आला. पण त्या दुपारी तसलं काही मनात नव्हतं. मी लाल खुर्चीवर होते, समोर फॉलचं खोकं. दारात ती उभी. वाळलेली, केस पांढरे, हातात काठी, आवाज तोच. "तोंडाळ बाई आहेत का आज?"

मी धडपडत उठायला लागले. तिने काठी काउंटरवर आडवी धरली.

"उठाचा नाय."

"अगं, तू बस ना इथे, तुझीच आहे..."

"आज मी गिऱ्हाईक. सुती साडी हवी, फिकी नको. बसान दाखव."

शेठ गल्ल्यावरून उठून आला. "कुंदाबेन! बसा, बसा, चहा सांगतो." तिच्यासाठी त्याने स्टूल स्वतः पुढे केलं. तिने हसून मान हलवली. "आज मनच नाही शेठ. उभं राहायची हौस आलीय."

मी बसून साड्या दाखवल्या. माझे गुडघे मला सारखे वर उचलायला बघत होते. मोठं माणूस समोर उभं आणि आपण बसलेलं, हे अंगात मुरायला एक जन्म पुरत नाही. ती मुद्दाम सावकाश बघत होती, एकेक पदर उलगडायला लावत होती. शेवटी मी तिला म्हटलं, "हा रंग तुला खाऊन टाकील." तेव्हा ती जी हसली, त्याने समोरच्या दुकानातला भांडीवाला दचकला. मोरपिशी घेतली.

मग ती निघाली. "येते गो." मला वाटलं, उठून दारापर्यंत जावं, हात धरून रस्ता ओलांडून द्यावा, रिक्षात बसवावं, पायाला हात लावावा. दारात वळून तिने माझ्याकडे बघितलं, मी उठते का ते बघायला. मी पाठ टेकली.

खुर्चीवरून दारातल्या साड्या नेसवलेल्या पुतळ्यांच्या मधून जेवढं दिसतं तेवढीच ती दिसली. पांढरे केस, काठीचं टोक, पिशवीतली मोरपिशी साडी, आणि मग रस्त्यावरची गर्दी. उभी राहिले असते तर अजून थोडी दिसली असती.

मी उठले नाही.